नानांच्या हातचा ट्रान्सफॉर्मर

"वजन बघा ताई, वजन!" असं म्हणून जो दुकानदार ट्रान्सफॉर्मर तुमच्या हातात ठेवतो, त्याच्या दुकानाची पायरी उतरावी आणि मागे वळून बघू नये. लोखंड कोणीही भरतं. आत तार कशी गुंडाळलीय ते कोणी सांगत नाही, कारण बहुतेकांना ते माहीतच नसतं. एवढी एक गोष्ट शिकायला मला जळगाव, चोपडा आणि धुळे असे तिन्ही बाजार पालथे घालावे लागले, आणि माणूस किती निर्लज्ज असू शकतो हे त्याच फेऱ्यांत फुकट शिकायला मिळालं.

मी घरी व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर बनवते. जुन्या रेडिओत काचेच्या नळ्या असायच्या, पेटल्या की आतून नारिंगी दिसायच्या, त्यांच्यावर चालणारे. जळगावात माझे शिवणाचे वर्ग आहेत. मुलं नोकरीसाठी पुण्याला गेली, नवरा निवृत्त होऊन टीव्हीसमोर बसला, तेव्हा मागच्या खोलीत मी हा दुसरा संसार मांडला. शिवण शिकायला येणाऱ्या बायकांना वाटतं की बाई आत देवाजवळ दिवे लावतात. नवऱ्याला वाटतं बाईचं डोकं फिरलंय. तो तसं पाहुण्यांसमोर सांगतो, आणि पाहुणे हसले की त्याचा दिवस चांगला जातो.

या यंत्राचं बाकी सगळं सामान मिळतं. व्हॉल्व्ह परदेशातून मागवता येतात, पेटी सुतार करून देतो. घोडं अडतं ते आउटपुट ट्रान्सफॉर्मरपाशी. व्हॉल्व्हमधून निघालेला आवाज स्पीकरला थेट झेपत नाही. मध्ये लोखंडी पत्र्यांवर तांब्याची तार गुंडाळलेला एक गठ्ठा लागतो, आणि सगळा आवाज त्याच्यातूनच जातो. तो गठ्ठा वाईट असला की डग्गा पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा लागतो आणि गाणाऱ्या बाईला सर्दी झालेली असते. मग बाकी कितीही भारी सामान लावा, पालथ्या घड्यावर पाणी.

जळगावात मला पहिला भेटला तो एक स्टॅबिलायझरवाला. त्याने आधी माझ्या मागे बघितलं. "साहेब नाही आले?" मी म्हटलं, साहेब टीव्ही बघतायत, तुम्ही माझ्याशी बोला. त्याने आतून एक ट्रान्सफॉर्मर आणला, त्याच्यावर 'ऑडिओ' असं छापलेली चिठ्ठी होती. चिठ्ठीखालचा डिंक अजून ओला होता. मी ती चिठ्ठी नखाने काढली, तर खाली फ्रिजच्या स्टॅबिलायझरची जुनी खूण. ती चिठ्ठी मी त्याच्या काउंटरच्या काचेवर चिकटवली आणि बाहेर पडले. चांगली दाबून चिकटवली.

मुंबईहून एक मागवला. खोक्यावर रंगीत आलेख, आत मखमल. वाजवायला घेतला तर गाण्याच्या आधी ट्रान्सफॉर्मर स्वतःच गायला लागला, पत्रे एवढे सैल. फोन केला तर पलीकडचा गृहस्थ म्हणतो, "मॅडम, तुमच्या घरचं वायरिंग तपासून घ्या." नाचता येईना अंगण वाकडे.

मग चोपड्याला गेले. तिथे केळीच्या बागांना पाणी देणाऱ्या मोटारी जळतात, म्हणून रिवाइंडिंगची दुकानं पुष्कळ. त्यातल्या एका कारागिराला मी कागदावर आकृती काढून दिली. या गठ्ठ्यात तारेचे दोन भाग असतात, एक व्हॉल्व्हकडचा, एक स्पीकरकडचा. चांगल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ते आलटून पालटून गुंडाळतात, थोडा हा, थोडा तो, पुन्हा हा. आवाज स्वच्छ येण्याचं गुपित असलंच तर एवढंच. त्याने मान डोलावली. परत गेले तर एक अख्खा भाग खाली, दुसरा अख्खा वर, पंपाच्या मोटारीसारखा ठासून भरलेला. म्हणाला, "ताई, वर-खाली करून काय फरक पडतो? तार तेवढीच लागते. आवाज येतो ना?"

"तुमच्या घरी वरण, भाजी, श्रीखंड एकत्र कालवून वाढतात का? पोट तर भरतंच," मी म्हटलं.

मोटार दुरुस्तीला घेऊन आलेले शेतकरी हसले. तो हसला नाही. त्याच्या गिऱ्हाइकांसमोर त्याला तसं बोलायला नको होतं असं मला कोणीतरी नंतर सांगितलं. मला बोलून बरं वाटलं होतं. माझ्या जिभेला हाड नाही, आणि ही जीभ मी बाजारातून आणलेली नाही, बापाकडून आलीय.

शेवटी धुळ्याचा भंगार बाजार. तिथे एक म्हातारा दुकानदार बंद पडलेल्या टाकीजचं सामान विकायचा. त्याने गंजलेल्या ट्रान्सफॉर्मरला ताजा काळा रंग दिला होता. मी नख लावलं, रंग निघाला, तो ओशाळला नाही. कुठल्या तुम्ही, असं त्याने विचारलं. माहेर पारोळ्याचं म्हटल्यावर एकदम हळहळला. "पारोळ्याला एक नाना होते भोंगेवाले. त्यांच्या हातची एक जोडी होती, मी एकदा बघितलीय. तसा ट्रान्सफॉर्मर आता होणे नाही."

"ते माझे वडील. आहेत अजून."

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग इथे काय करताय तुम्ही?"

याचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते भंगारवाल्याला सांगण्यासारखं नव्हतं.

माझ्या वडिलांना सगळा तालुका नाना म्हणतो, घरात आम्हीही नानाच म्हणतो. पारोळ्यात त्यांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्नं, जत्रा, सप्ताह, निवडणुका. अॅम्प्लिफायर ते स्वतः जोडायचे आणि ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळायचे, शेडचं दार आतून लावून. साक्रीकडच्या डोंगरातल्या गावांपर्यंत त्यांचे भोंगे जात. नानांचा भोंगा तीन गावं ऐकतात असं लोक म्हणायचे, आणि नाना ते खाली मान घालून ऐकून घ्यायचे. खाली मान घालणं ही त्यांची ऐट होती.

त्यांचा स्वभाव सांगायला एक लग्न पुरे. मुलीच्या बापाने भीत भीत म्हटलं, नाना, सनई जरा कर्कश लागतेय का? नानांनी भोंगे उतरवले, तारा गुंडाळल्या, सगळं बैलगाडीत भरलं आणि निघाले. वरात मुकी निघाली. तो माणूस भर रस्त्यात हात जोडून गाडीच्या मागे चालत होता, डोक्याचा फेटा सुटलेला. नाना घरी आले आणि दोन भाकरी जास्त जेवले. आम्ही पोरं त्या माणसाची नक्कल करून हसलो होतो. बापाला शोभतील अशीच पोरं होतो.

धंदा त्यांनी माझ्या भावाला शिकवला. भावाला त्यात काडीचा रस नव्हता, तो शेडमध्ये बसून जांभया द्यायचा आणि मार खायचा. मला रस होता, तर मला शेडच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायची बंदी. विचारलं की "जाय, पापड लाट." बारावीनंतर मला धुळ्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचा होता. प्रवेशही मिळत होता. त्याच उन्हाळ्यात स्थळ चालून आलं, मुलगा जळगावात पाइपच्या कारखान्यात पर्मनंट, आणि माझं लग्न झालं. चालून आलेल्या स्थळाला नाही म्हणू नये अशी पद्धत होती.

धुळ्याच्या म्हाताऱ्याने सांगितलेली ती जोडी मी लहानपणापासून बघत होते. एका तंबू टाकीजवाल्याने ती बनवायला सांगितली, आणि न्यायच्या आधीच त्याचा तंबू बुडाला. तेव्हापासून ती फळीवर, मेणकापडात. कोणी जाणकार आला की नाना ती उतरवायचे, त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "वजन देखा." पाहुणा हात खाली-वर करून वाहवा करायचा. मग जोडी परत फळीवर. तिला वीज लावलेली मी कधी पाहिली नाही.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेली मुलगी माहेरी येतेच. झाडाला झोके बांधतात, बायका गाणी म्हणतात, पितरांची घागर भरतात, सांजोऱ्या आणि आमरस होतो. आणि त्या दिवशी मुलीने काही मागावं, बापाने द्यावं. गल्लीतल्या मुली साडी मागायच्या, जोडवी मागायच्या. मी दरवर्षी ती जोडी मागायचे.

"लोखंड न्याले उनी का व माहेरले?" नाना म्हणायचे. "सोनं मांग, देस."

एका वर्षी म्हणाले, "बाईना हातमा लाटनं चांगलं दिखस." आणि एकदा झोक्यावरच्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं, "हाई पोर नही, भंगारवाली शे!" बायका खिदळल्या. मीही हसले. तेव्हा हसले नसते तर मला रडावं लागलं असतं, आणि आमच्या घरात रडणाऱ्याला दुसऱ्यांदा मारत.

मला ट्रान्सफॉर्मर हवा होता हे खरं, पण अर्धंच. मला नानांच्या तोंडून ऐकायचं होतं, की घे, तुला यातलं कळतं. त्यासाठी मी दरवर्षी थोबाडीत खायला जात होते. माझ्या वर्गातल्या एखाद्या बाईने हे सांगितलं असतं तर मी तिला मूर्ख म्हटलं असतं.

काळाने नानांना अंथरुणावर आणलं. ते मोरीत घसरले, मांडीचं हाड मोडलं, पुन्हा नीट बसलं नाही. डोळ्यांतला मोतीबिंदू पिकून गेला, ऑपरेशनला ते तयार नाहीत. कान मात्र शाबूत. भावाने धंदा केव्हाच बदलला होता. त्याचा डीजे आहे, ट्रकभर पेट्या, वाजायला लागला की घरांच्या खिडक्या खडखडतात आणि म्हातारी माणसं छातीवर हात ठेवून आत जातात. नाना त्याला शिव्या देत आणि तो दिलेल्या शिव्यांवर हसे. भाऊ वाईट नाही. त्याला काही लागतच नाही, हे त्याचं सुख आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या आखाजीला तो जनरेटर ठेवायला शेड रिकामी करत होता. मी निघताना त्याने मेणकापडातलं ते गाठोडं आणून गाडीच्या डिकीत टाकलं. खरंच टाकलं, गाडी हलली.

"ले, तुले पाह्यजे व्हतं ना. भंगारमाच टाकनार व्हतू."

"नानाले इचारं का?"

"नाना काय उठीसन देखाले येनार शेत?"

इतकी वर्षं जे मागितलं ते असं मिळालं, कांद्याच्या पोत्याशेजारी. नाना आत खाटेवर होते. मी आत जाऊन सांगितलं नाही. त्यांच्या हातून मिळालं नाही याचं वाईट वाटत होतं, पण गाडी थांबवण्याइतकं नाही.

जळगावला आल्यावर मी एक नवा अॅम्प्लिफायर खास त्या जोडीसाठी जोडला. एवढ्या मनापासून मी मुलीच्या लग्नाची साडीही निवडली नव्हती. पेटीला पॉलिश केलं, आतल्या तारा दोरीने रेषेत बांधल्या. एका दुपारी नवरा झोपल्यावर लावला. एक जुनं सनईचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे, मागे डग्गा फार सुरेख वाजलेला, ते ठेवलं.

डग्गा नव्हताच. सनई होती, पण नाकात बोलणारी, वरचे सूर फाटलेले. मला पहिल्यांदा वाटलं, माझंच चुकलं. व्हॉल्व्ह बदलले, जोडणी तपासली, दुसरा स्पीकर लावला. नानांच्या हातचं वाईट असेल ही शंका मनात आली की मी तिला चापट मारून बसवत होते. शेवटी चोपड्याच्या त्या कारागिराचा गठ्ठा लावून बघितला. तो जरा बरा वाजला. मी खुर्चीत बसून राहिले. बाहेरून नवऱ्याने विचारलं, जळलं का काही?

मग मी जोडीतला एक सोडवला. पत्रे एक एक काढले, वॉर्निश खरवडलं, तार उलगडली. आत पंपाच्या मोटारीसारखी भरती होती. एक अख्खा भाग खाली, एक अख्खा वर, मध्ये काही नाही. थरांच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरचा कागद असतो, तिथे नानांनी लग्नपत्रिका कापून घातल्या होत्या. लग्नांचा धंदा, घरात पत्रिकांचे ढीग. कोणाचा चि., कोणाची सौ. कां., गणपतीची सोंड, हळदीचे डाग, असे थरावर थर निघत होते. पुठ्ठ्याने कित्येक पावसाळ्यांची ओल पिऊन ठेवली होती. आणि वजन? ते भरपूर होतं. आत लागत नसलेलं लोखंडही ठोकलेलं होतं.

मग मला नानांचं अख्खं आयुष्य कळलं. भोंग्यातून डग्गा येतच नसतो, चांगल्या ट्रान्सफॉर्मरवरही नाही. शेतात, माळावर, वरातीत भोंगा लांब गेला पाहिजे, गोड लागला पाहिजे असं नाही. त्यामुळे त्यांचा माल वाईट आहे हे कधी कोणाला कळायचं कारणच नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती जोडी त्यांनी फळीवरून उतरवून लोकांच्या हातात दिली, पण विजेला लावली नाही.

मला हसू आलं. मग राग आला, आणि तो राग गेला नाही. या गठ्ठ्यासाठी मी भंगारवाली झाले होते.

त्या रागाने मी स्वतः गुंडाळायला बसले. धुळ्याच्या म्हाताऱ्याकडे जुन्या टेलिफोन केंद्रातून निघालेल्या एका पेटीतले पातळ पत्रे होते. ते त्याला विकायच्या लायकीचे वाटत नव्हते, कारण ते हलके होते. शिलाई मशीनच्या चाकाला मी एक दांडा बसवला, त्यावर बॉबिन चढवलं आणि पाय पेडलवर ठेवला. धागा ताणून धरायची या हातांना सवय होती, तार तशीच धरली. थोडा हा भाग, थोडा तो. पहिले काही वाया गेले, एकातून धूर निघाला, नवऱ्याने शेजाऱ्यांना बोलावलं आणि चहा पाजून माझी गोष्ट सांगितली. पुढचा एक जमला. फार उत्तम नाही, पण डग्गा घरात आला. मी त्याच्यासमोर बराच वेळ बसून होते.

मागच्या आखाजीला मी तो अॅम्प्लिफायर घेऊन पारोळ्याला गेले. त्यात दोन्ही ट्रान्सफॉर्मर बसवले होते, जोडीतला उरलेला नानांचा आणि एक माझा. बटण इकडे केलं की त्यांचा, तिकडे केलं की माझा. नवऱ्याला सांगितलं, नानांना गाणं ऐकवायचंय, म्हातारपणी तेवढंच. खोटं. मला त्यांना उघडं पाडायचं होतं, त्यांच्याच घरात, सणाच्या दिवशी.

मोठा स्पीकर त्यांच्या खाटेजवळ ठेवला. भाऊ आला, वहिनी आली, झोक्यावरच्या दोन-तीन शेजारणी दारात उभ्या राहिल्या. नाना भिंतीला टेकून बसवलेले होते, डोळे पांढरे, मान ताठ. आत काय लावलंय ते मी कोणाला सांगितलं नाही. सनई लावली. थोड्या वेळाने बटण फिरवलं आणि तोच तुकडा पुन्हा लावला.

"कोनतं चांगलं?" मी विचारलं.

भाऊ म्हणाला दोन्ही सारखंच, आणि दोन्हींत दम नाही. शेजारणी म्हणाल्या दोन्ही गोड. वहिनीला पहिलं जास्त आवडलं, कारण ते मोठं वाजलं. नानांची मान तशीच ताठ. मी मनात म्हटलं, कळलंच नाही यांना. एवढी वर्षं मी एका बहिऱ्याच्या मागे लागले होते.

"परत लाव," नाना म्हणाले.

मी परत लावलं, दोन्ही. वहिनीने बाहेरून ताटं घेतल्याची हाक दिली, सगळे आमरस खायला उठले. भाऊ दारातून म्हणाला, चाला व जेवाले. मी म्हटलं, येते.

आम्ही दोघंच उरल्यावर नाना म्हणाले, "पयलं मनं शे."

पहिला त्यांचाच होता.

"दुसरं कोनी भरं?"

"मी."

त्यांनी मान हलवली, हळू, जसं काही कोणी हिशोब बरोबर सांगितला. "चांगलं भरं," म्हणाले. मग म्हणाले, "माले मालूम व्हतं, मनं खोटं शे ते. धुळाना टाकीजमा इलायती मशीन खोलेल व्हतं मी. आसली काय ऱ्हास, तठे देखं. मनाघाई नही जमनं."

आपल्याला जमलं नाही असं ते स्वतः कबूल करतील याची माझी तयारी नव्हती. ते नाकारतील, शिव्या देतील, भावावर ढकलतील, याची होती. मी विचारलं, "मंग माले काबर नही शिकाडं, नाना? दोन्ही मियीसन करतूत."

ते हसले. दात नसलेल्या तोंडाचं हसणं मला कधी सोसत नाही.

"तू धाकली व्हती," ते म्हणाले. "मना भोंगा वाजे आनि तू कानवर हात ठेवे. बठ्ठा हासेत, पोर भ्यास म्हनीसन. तू भ्यायेल नव्हती. तुले ऐकू ये."

मला यातलं काही आठवत नाही. मी तेव्हा केवढी असेन कोण जाणे.

"बठ्ठा पारोळामा दोनच कान व्हतात," नाना म्हणाले. "एक मना, एक तुना. मी मनं तोंड बंद ठेवं. तुनं कसं ठेवतू?" मग पाणी मागावं तितक्या साध्या आवाजात पुढे म्हणाले, "म्हनीसन तुनं लगीन लाई दिधं. स्थळ काही चालीसन उनं नव्हतं. मीच जायेल व्हतू जळगावले, हात जोडीसन."

खिडकीतून झोक्याची दोरी करकरताना ऐकू येत होती. मुलगी नको म्हणून नाही, बाईमाणसाला काय करायचंय म्हणून नाही. मला ऐकू येत होतं म्हणून मला घरातून काढलं. दुसऱ्याच्या दारात जाऊन हात जोडून काढलं, आणि घरी येऊन सांगितलं की स्थळ चालून आलंय. जे त्यांच्या तोंडून ऐकायला मी जन्मभर तडफडले ते त्यांना माझ्या आधीपासून माहीत होतं. तुला कळतं, हे त्यांनी शेवटी म्हटलं. म्हटलं ते असं.

मला वाटलं होतं की मी रडेन, किंवा म्हाताऱ्याची दया येईल. दोन्ही झालं नाही. त्यांचा तो वाळलेला हात चादरीवर होता, तो मी धरला नाही. मला फक्त राग आला होता, आणि त्याच्या तळाशी थोडा आनंद होता. तोही सांगून टाकते, कारण तो होता.

"आते बंद कर ते," नाना म्हणाले.

मी बटण फिरवलं. बंद केलं नाही, त्यांच्या ट्रान्सफॉर्मरकडे केलं. सनई पहिल्यापासून लावली, संपली की पुन्हा सुरू होईल अशी. आवाज वाढवला, स्पीकर आणखी थोडा उशाकडे सरकवला आणि बाहेर जाऊन पंगतीला बसले. वहिनीने वाढलं. आतून नानांची हाक आली, मग आणखी एक. भाऊ म्हणाला, म्हाताऱ्याचं चालूच असतं.

"केवढं गोड वाजी ऱ्हायनं," एक शेजारीण म्हणाली. "ऱ्हाऊ द्या चालू."

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं, आणि वाटी पुढे केली.